चहा किती वाजता मिळेल?

वऱ्हाडातल्या माणसाच्या नशिबी समुद्र नाही. मुंबईकराला बायकोशी भांडण झाले तर चौपाटीवर जाऊन लाटांकडे पाहत बसता येते. आम्हा अमरावतीकरांना तशीच वेळ आली तर फार तर वडाळीच्या तलावापर्यंत जाऊन यावे. समुद्र आमच्यापासून साडेसहाशे किलोमीटर लांब, संध्याकाळी गाडीत बसून रात्रभर झोपल्यानंतर, आणि तोही आधी मुंबईच्या गर्दीतून वाट काढल्यानंतरचा!

आणि तरीसुद्धा गंमत पाहा, माझे मूळ गाव ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव दर्यापूर! अचलपूरच्या गादीवर सोळाव्या शतकात जी इमादशाही होती, तिच्यातल्या दर्या इमादशाहाशी या गावाचे नाव जोडतात. ते काही असो; पण समुद्राचा थेंब नसलेल्या मुलुखात नावापुरता का होईना, दर्या आहे. आणि नावापुरताच आहे असेही नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून एक पट्टा गेला आहे. त्याला आमच्याकडे खारपाणपट्टा म्हणतात. वर काळीभोर, कापसाला मानवणारी जमीन आणि खाली खारट पाणी. विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. शेताला द्यावे तर जमीन बिघडते. माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन प्रकारची पाणी असत : वापरायचे आणि प्यायचे. प्यायचे पाणी आई दीड कोसावरून आणी. शहानूर धरणाचे पाणी नळाने आले ते पुष्कळ नंतर.

वडील त्याच गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. भूगोल हा त्यांचा आवडता विषय. महाराष्ट्राचा नकाशा ते न पाहता फळ्यावर काढीत आणि पश्चिमेच्या बाजूला निळ्या खडूने अरबी समुद्र रंगवीत. पुस्तकात दिलेली ७२० किलोमीटरची किनारपट्टी, तिच्यावरची बंदरे, खाड्या, सारे त्यांना तोंडपाठ होते. फक्त एकच उणीव होती. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. "रिटायर झालो की जाऊ," असे ते म्हणत. रिटायर झाले तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. मग घराचे छप्पर निघाले. मग मधुमेह निघाला. त्यांचे जायचे राहूनच गेले.

मागच्या वर्षी श्रावणात आईच्या गुडघ्यांची तपासणी करताना डॉक्टर सहज म्हणाले, "लांबचा प्रवास करायचा असेल तर आताच करून घ्या." आई ७६ वर्षांची. डॉक्टरांनी ते ज्या सहजतेने सांगितले, तितक्या सहजतेने मला ते ऐकता आले नाही. त्याच रात्री मी जेवताना जाहीर केले, की या दिवाळीच्या सुटीत आपण सगळे समुद्रावर जाणार.

घोषणा करणे सोपे असते. खरा प्रश्न तिच्यानंतर सुरू होतो. जायचे तर ठरले, पण राहायचे कुठे?

आमच्या भागात 'हॉटेल' या शब्दाने हा प्रश्न फारसा सुटत नाही. आमच्याकडे हॉटेल म्हणजे जिथे कढईत कचोरी तळत असते आणि बाकावर बसून चहा पितात ते. राहायचे ते लॉज. आणि लॉजवर सभ्य माणूस उतरतो तो लग्नाच्या वऱ्हाडातला नाहीतर कोर्टाच्या तारखेचा. सहकुटुंब, हौसेने, पैसे देऊन परक्या छपराखाली राहायचे, ही कल्पना आईच्या पचनी पडेना. "कायले? तिथं आपलं कोनी नाही का?" हा तिचा पहिला प्रश्न. कुणी नाही म्हटल्यावर तिने विचारले, "मंग धर्मशाळा नाही का?"

तिचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. राहण्याची सोय या विषयात आम्हा वऱ्हाड्यांना कुणी शिकवावे असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि १९५६ साली देह ठेवला तोपर्यंत स्वतःसाठी एक खोली बांधली नाही. पण धर्मशाळा तीर्थाला असते. समुद्राला अजून कुणी तीर्थ मानून धर्मशाळा बांधलेली मला माहीत नाही.

तेव्हा माझ्या मुलीने मोबाइल हातात घेतला आणि कोकणातली शंभर हॉटेले माझ्यापुढे मांडली. प्रत्येकाला तारे होते, प्रत्येकाची छायाचित्रे होती. वाचकहो, हॉटेलच्या छायाचित्रांइतके कल्पनारम्य वाङ्मय मराठीत गेल्या दहा वर्षांत निर्माण झालेले नाही, हे मी मराठीचा प्राध्यापक या नात्याने सांगतो! कोपऱ्यात उभे राहून काढलेली खोली दरबारासारखी दिसते. पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना गुंफून बसलेले असतात. 'समुद्रदर्शनी खोली' असे लिहिलेले असते. पण दर्शन कुणाला, कुठून आणि मान किती अंशांत वळवल्यावर, हे लिहिलेले नसते.

हे मी अनुभवाने बोलतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही तिघे अशाच एका छायाचित्राला भुलून किनाऱ्यावरच्या एका चकचकीत हॉटेलात उतरलो होतो. खिडक्या उघडत नव्हत्या, कारण थंड हवेचे यंत्र होते. पडदा सारला तर समोर जनरेटर. जेवायला पनीर. तीन दिवसांनी परतताना मुलीने विचारले, "बाबा, आपण समुद्रावर गेलो होतो ना? मग हॉटेल अकोल्यासारखं का होतं?" तिच्या या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करीत होतो. अकोल्यात अकोल्यासारखे हॉटेल असावे, यात अकोल्याची शोभा आहे. पण समुद्रावर जाऊनही तीच फरशी, तोच पडदा, तेच पनीर असेल, तर माणसाने रात्रभर गाडीत अंग आखडून जायचे कशासाठी?

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. माणसाला जसा स्वभाव असतो तसा राहण्याच्या जागेलाही असतो. फार स्वस्त जागेला तो परवडत नाही. तिथे चादरीपासून बचत सुरू होते. फार महाग जागेला तो नकोच असतो. कोणत्याही गावच्या श्रीमंताला परके वाटू नये म्हणून ती सगळीकडे एकसारखी होऊन बसते. स्वभाव सापडतो तो मधल्या भावाच्या जागेत, जिथे मालक त्याच आवारात राहतो आणि स्वतःच्या आवडीनिवडी लपवू शकत नाही. आमची ऐपत दिवसाला दोन-अडीच हजारांची. म्हणजे तत्त्व आणि खिसा यांचे एकदा तरी एकमत झाले!

पण घरात एकमत झाले नाही. मी म्हटले, "कोकणात आता घरोघरी पाहुणे ठेवतात. पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदलेली घरे आहेत. अगदी घरगुती."

सौ. शाळेत शिकवते. दिवसभर चाळीस पोरे आणि संध्याकाळी आम्ही तिघे. ती म्हणाली, "घरगुती म्हणजे काय हो?"

"म्हणजे घरचं जेवण, घरची माणसं."

"म्हणजे कुठल्या तरी घरची बाई राबते. आपल्या घरची काय, नि त्यांच्या घरची काय. मला चार दिवस घरगुती काही नको. ताट उचलायला गेले तर 'राहू द्या' म्हणणारा पोऱ्या हवा. तुमच्या त्या घरात ती बाई वाढत असताना मला बसून खाता येणार नाही."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सतरा वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे देण्याचा सराव असूनही नव्हते. शेवटी तह झाला, की जागा मी शोधायची. पण तिथे आईचे गुडघे आणि सौ.ची सुटी, दोन्ही सांभाळले गेले पाहिजे. नाहीतर पुन्हा पनीर.

मग मी छायाचित्रे बाजूला ठेवून फोन उचलला. प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न आधी विचारी : "सकाळचा चहा किती वाजता मिळेल?"

हा प्रश्न मला कसा सुचला ते सांगता येत नाही. पण माणसाची पारख करायला मला याहून चांगला प्रश्न माहीत नाही. एक जण म्हणाला, "सर, चोवीस तास!" चोवीस तास चहा रेल्वे स्टेशनवर मिळतो, आणि तो कसा असतो हे बडनेऱ्याला गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हा." इतका आज्ञाधारक माणूस पैसे घेताना तेवढा आज्ञाधारक राहत नाही. तिसऱ्याने मॅनेजरला विचारून सांगतो म्हणून सांगितले. मॅनेजर बहुधा अजून विचारातच आहे.

गुहागरला एका घरी फोन लावला. पलीकडून एक शांत आवाज आला : "साडेसहाला. त्याआधी आमच्याकडे दूध येत नाही. कोरा चालत असेल तर पाचला देऊ."

मी खुर्चीत सावरून बसलो. विचारले, "आई बरोबर आहे, गुडघे दुखतात. पायऱ्या किती आहेत?"

"थांबा हं." पावलांचा आवाज लांब गेला आणि परत आला. गृहस्थ खरोखरच मोजून आले होते! "अंगणातून ओटीवर तीन. संडासात कमोड आहे, पण दाराशी अर्धी वीत उंचवटा आहे. तिथे जपायला हवं."

"खोलीतून समुद्र दिसतो का?"

"नाही. मध्ये आमची माडा-पोफळीची वाडी आहे. दिसत नाही. रात्री ऐकू येतो."

दिवसाला दोन हजार दोनशे, जेवणाचे वेगळे. मी जागा पक्की केली. समुद्र ऐकू येतो असे खरे सांगणाऱ्याच्या घरी उतरावे. दिसतो म्हणणारे पुष्कळ भेटतात.

अमरावतीहून रात्रीच्या गाडीने पहाटे ठाणे, आणि तिथून कोकण रेल्वेने चिपळूण. १९९८ साली ही रेल्वे पूर्ण झाली नसती तर आईला घेऊन घाटांतून जायची माझी छाती झाली नसती. चिपळूणहून गुहागर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गुहागरची रचना मोठी मजेची आहे. गावातून एक लांबलचक रस्ता जातो, दोन्ही हातांना घरे. पश्चिमेकडच्या घरात पुढल्या दाराने शिरावे, ओटी, माजघर, पडवी ओलांडून मागल्या दाराने वाडीत उतरावे, वाडी संपली की सुरूची झाडे, आणि ती संपली की एकदम सहा किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा! समुद्राला घराच्या परसदारी बांधून ठेवावे तसे!

घराला स्वभाव होता. झोपाळ्याच्या कड्या करकरत. भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते आणि ते सगळ्यांना माहीत होते. मालक आमच्याच वयाचे, बोलणे बेताचे. दररोज सकाळी ते ओटीवरच्या पाटीवर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहीत. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यांनीच मुलीला समजावून सांगितले आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरायचे नाही, अशी ताकीदही दिली. काळ्या पाटीवर खडूने समुद्राचा हिशेब लिहिणारा तो हात पाहून मला कुणाची आठवण झाली, ते सांगायला नकोच.

पहिल्याच रात्री आईने घोटाळा केला. आमटी चाखून ती म्हणाली, "चव चांगली हाय, पन वरून थोडा सांबार पाह्यजे होता." त्या वहिनी चपापल्या. "सांबार? उद्या करते हं, इडलीबरोबर." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटे गेली आणि त्या दहा मिनिटांत दोघींची इतकी गट्टी झाली, की दुसऱ्या दिवशी आई त्यांच्या माजघरात पाय पसरून नारळ खवत बसलेली आढळली. "आई, आपण पैसे दिलेत," मी म्हटले. "पैसे तं तू देल्ले. माहे हात काऊन रिकामे ठेवू?" याला काय बोलणार!

त्या संध्याकाळी आईला समुद्र दाखवला. वाडीतून हळूहळू, माझ्या आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून ती निघाली. मालक मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. भरतीच्या रेषेपाशी खुर्ची मांडली, आई बसली. लाट येई, पायावरून जाई, आणि खुर्चीचे पाय दोन बोटे वाळूत रुतत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग वाकून ओंजळीत पाणी घेतले आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत तोंडात घातले.

"हे तं आपल्या इहिरीवानीच लागते बापा!" ती म्हणाली.

आम्ही हसलो. तीही हसली. मग म्हणाली, "येवढं पानी, अन् प्याले येक गुंडभर नाही." आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, "तुह्या बापानं पोराईले तीस वर्सं समुद्र शिकवला. त्याले कोनी सांगतलं असतं, की चव पाहाची असंन तं घरीच हाय, तं बरं झालं असतं."

सूर्य बुडेपर्यंत ती बसून राहिली. परत निघताना खुर्ची वाळूतून उपटून काढावी लागली.

आता सौ.च्या सुटीविषयी. तिने पहिल्या दिवशी ताट उचलले. वहिनी "राहू द्या" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिने उचलले नाही. तिसऱ्या दिवशी ती दुपारभर झोपाळ्यावर पुस्तक पालथे ठेवून नुसती बसली होती. तिला काही न करता बसलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो. मला धन्य वाटले. जागा निवडली ती आपण, असे मनातल्या मनात स्वतःला दोनदा म्हणून घेतले.

त्याच रात्री मला जाग आली. समुद्र ऐकू येत होता. पाण्यासाठी उठलो तर पडवीपलीकडे दिवा दिसला. साडेचार वाजले होते. वहिनी एकट्याच आंबोळ्यांचे पीठ ढवळीत होत्या. चुलीवर पाणी तापत होते, आमच्याच आंघोळीचे. मी ज्याला तीन दिवस घराचा स्वभाव म्हणत होतो, तो हा होता. साडेचारला उठत होता. मी परत येऊन पडलो; पण झोप लागली नाही. 'म्हणजे कुठल्या तरी घरची बाई राबते,' हे वाक्य छपराच्या वाशांतून खाली पाहत होते.

सकाळी सौ.ला सांगितले. तिला नवे काही नव्हते. "मी रोज पाहतेय," ती म्हणाली, "काल विचारलंसुद्धा त्यांना, तुम्ही सुटीवर कुठे जाता म्हणून."

"मग?"

"म्हणाल्या, पावसाळ्यात पाहुणे नसतात. समुद्र रोजचाच आहे; त्याचं काही नाही. एकदा कुठेतरी डोंगरात जाऊन राहायचंय, जिथे सकाळचा चहा दुसऱ्या कुणी तरी करून हातात देईल."

निघताना हिशेब झाला. कोऱ्या चहाचे पैसे त्यांनी लावले नव्हते. सौ.ने वहिनींना अमरावतीचा पत्ता आणि फोन लिहून दिला, चिखलदऱ्याचे वर्णन केले : अकराशे मीटरची उंची, पावसाळ्यात दाराशी येणारे धुके, महाराष्ट्रात असूनही पिकणारी कॉफी, भीमाने कीचकाला जिथे टाकले म्हणतात ती दरी. असली आमंत्रणे आपण सगळेच देतो. ती देताना मन मोठे असते आणि गाडी सुटली की पुन्हा मापाचे होते. मी ते विसरून गेलो.

यंदा श्रावणात एके संध्याकाळी फोन वाजला. गुहागरहून होता. वहिनी स्वतः बोलत होत्या. दोघे चार दिवस चिखलदऱ्याला यायचे म्हणत होती. "तिथे एखादं बरंसं हॉटेल सांगाल का? फार महाग नको. पण अगदी कसंतरीही नको."

मी चष्मा शोधू लागलो. एवढ्यात सौ.ने माझ्या हातून फोन घेतला. "दोन रात्री चिखलदऱ्याला राहा, ते हे बघतील. पण आधीच्या दोन रात्री आमच्याकडे. नाही, ते काही चालायचं नाही. आई वाट पाहताहेत. पायऱ्या? दोनच आहेत."

पलीकडून काहीतरी विचारले गेले. सौ. हसली आणि माझ्याकडे पाहिले.

"साडेसहाला," ती म्हणाली. "त्याआधी आमच्याकडेही दूध येत नाही. पण तुम्ही उठू नका. चहा हे करणार आहेत."

हा ठराव कधी पास झाला, मला माहीत नाही. पण त्या दोन सकाळी मी सहाला उठलो, चहा केला आणि तो ट्रेमधून नेऊन दिला. पहिल्या दिवशी साखर थोडी जास्त झाली. वहिनींनी तो पलंगावर बसून, खिडकीतून पावसाकडे पाहत, सावकाश संपवला आणि कप तिथेच ठेवला. उचलला नाही.